नऊ गोळ्यांचा मांडव

राहनाळच्या बाळाराम मांडववाल्याचं पॅरिसबद्दल मत चांगलं नव्हतं. पॅरिस त्याने पाहिलं नव्हतं, पण मत बनवायला त्याची गरज पडली नाही. "जत्रा संपल्यावर ज्याला मांडव काढता येत न्हाय, त्याने काम घेऊ नये," असं तो आयफेल टॉवरविषयी म्हणायचा. टॉवर जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला. वीस वर्षांनी उतरवायचा असं ठरलेलं. मुदत संपत आली तेव्हा कुणीतरी त्याच्या टोकावरून बिनतारी संदेश पाठवून दाखवले आणि टॉवर कामाचा ठरला. बाळारामच्या लेखी ही सबब होती. त्याच्याकडचेही लोक लग्नानंतर मांडव ठेवून घ्यायचे आणि त्याच्या सावलीत पापड वाळत घालायचे. म्हणून काय मांडव पापडांसाठी असतो?

हे सगळं ज्ञान एका रंगाच्या कंपनीच्या कॅलेंडरमधून आलं होतं. बाळाराम तरुणपणी गोरेगावच्या प्रदर्शनांत स्टॉल ठोकायला जायचा, तिथे ते मिळालं. बारा महिन्यांना जगातल्या बारा प्रदर्शनांच्या इमारती, खाली चार ओळी माहिती. वर्ष सरलं, कॅलेंडर राहिलं. काचेचा महाल, लोखंडी मनोरे, कमानी, सगळ्या चार महिन्यांसाठी बांधलेल्या. बाळारामला त्या आपल्या जातभाईंच्या वाटायच्या. फरक एवढाच, की ती माणसं लोखंडात काम करायची आणि हा बांबूत.

गावातल्या बाकीच्यांनी भातशेतीच्या जागी गोदामं बांधली आणि भाड्याने दिली. बाळारामनेही एक बांधलं आणि त्यात स्वतःचे बांबू ठेवले. गावाने हे वेडेपण म्हणून मान्य केलं होतं. माणूस हट्टी असला तरी कामाचा होता. हळद असो, बारसं असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा, मांडव उतरल्यावर तो खड्ड्यांत माती भरायचा, वर तांब्याभर पाणी ओतायचा, टाचेने दाबायचा आणि दहा पावलं मागे जाऊन बघायचा. इथे काही होतं हे ओळखू येता कामा नये. त्याची सही ती हीच.

अशा माणसाचा मांडव उतरेना, ही त्याची खरी गोष्ट.

झालं असं, की नवरात्राच्या मंडळाचा अध्यक्ष कुणाल देखाव्यासाठी काहीतरी वेगळं मागायला आला. कुणालचं वेगळं म्हणजे शेजारच्या गावाने केलेलं, पण दोन फूट उंच. बाळारामने त्याला कॅलेंडरसमोर उभं केलं आणि ऑगस्ट महिन्यावर बोट ठेवलं.

"ह्यो बनवू."

"काय हाय ह्यो, काका?"

"ब्रसेल्स. तिथल्या प्रदर्शनाला उभा केलेला. लोखंडाचा बारीक कण असतो ना, डोळ्याला न दिसणारा, तो हजारो कोटी पटीने मोठा करून दाखवलाय. नऊ गोळे आन् मधे नळ्या."

"लाइटिंग लावता येईल?"

"प्रत्येक गोळ्यात."

"मग फायनल," कुणाल म्हणाला. विज्ञानाला राहनाळात यापेक्षा जास्त विरोध होत नाही.

ती इमारतही सहा महिन्यांसाठीच होती आणि ती अजून उभी आहे, हे बाळारामला माहीत होतं. त्यामुळे ब्रसेल्सबद्दलही त्याचं मत पॅरिससारखंच होतं. आपण ती बांधू आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उतरवून दाखवू, असा काहीसा हिशेब त्याच्या मनात असावा.

गोदामांच्या रस्त्याला लागून गावाचं मैदान आहे, तिथे काम सुरू झालं. बांबूच्या कामट्यांचे नऊ गोळे विणले. वर शहरातल्या निजामपुऱ्यात लूमवर विणलेलं कोरं कापड ताणून चंदेरी रंग दिला. एक गोळा जमिनीलगत, त्यावर तीन, मधोमध एक, त्यावर तीन, आणि शेंड्याला एक. तळच्या, मधल्या आणि शेंड्याच्या गोळ्यांच्या पोटातून जाणारा एकच जाड वासा, तीन बाजूंना तीन टेकू आणि चार दिशांना चार दोरांचे ताण. एक खिळा नाही. सगळ्या गाठी काथ्याच्या, आणि त्या मारणारा सावळ्या. डोंगराकडच्या पाड्यावरचा हा वारली माणूस, बाळारामच्या बरोबरीचा. हातात कोयता, कमरेला काथ्याची गुंडी, आणि बोलणं बेताचं.

वासा रोवण्याआधी रीत पाळली. मांडवाचा पहिला खांब म्हणजे मेढ, इथे हाच वासा. ती गावातल्या थोराच्या हाताने रोवायची, खड्ड्यात सुपारी, हळकुंड, वर आंब्याची डहाळी. आणि ज्याने रोवली त्यानेच ती उपटायची. दुसऱ्याचा हात चालत नाही. बाळारामच्या बापाने एकदाच घाईत दुसऱ्याने रोवलेली मेढ उपटली होती. पुढे काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही, म्हणून ते जास्त खरं वाटायचं.

मेढ दाजींनी रोवली. दाजी गावात सगळ्यात वयस्कर, तीन गोदामांचे मालक, त्यातलं एक बरेच दिवस रिकामं. दसरा झाला, देवीचं विसर्जन झालं, आणि दाजी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठाण्याला ॲडमिट झाले.

"थांबू," बाळाराम म्हणाला. दाजींचा हात येईपर्यंत थांबणं भाग होतं. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं.

पहिलं तेल त्याच्याच बायकोने, कमळने, वाहिलं. आदल्या वर्षी बाळाराम एका हळदीच्या मांडवावरून पडला होता. बरगडी मोडली. कमळने निजामपुऱ्यातल्या एका ज्योतिषाला पत्रिका दाखवली, त्याने साडेसाती सांगितली. आता मैदानात नऊ गोळे उभे होते. नऊ म्हटल्यावर दुसरं काय असणार? शेंड्याला सूर्य, मधे बाकीचे, आणि जमिनीलगत, हाताला येईल असा, शनी. शनिवारी संध्याकाळी तिने रुईच्या पानांची माळ घातली, तेलाची धार धरली आणि पणती लावली. पुढच्या शनिवारी तिच्यासोबत चौघी होत्या. त्याच्या पुढच्या शनिवारी रांग होती.

बाळारामने रांग पाहिली आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. त्याने समजावून सांगितलं.

"अगं बायांनो, हे ग्रह न्हाईत. हा लोखंडाचा कण हाय. नुसतं लोखंड!"

मग कमळ सावकाश म्हणाली, "शनीचा धातू कंचा?"

"लोखंड," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग?"

त्या दिवसापासून शेजारच्या गावांतूनही बायका यायला लागल्या. ज्याने बांधला त्यानेच कबूल केलंय, असं त्या एकमेकींना सांगत होत्या.

दाजी नवा गुडघा घेऊन परतले, तेव्हा बाळाराम नारळ घेऊन दारात उभा राहिला. "दाजी, मेढ उपटायची हाय. हात लावा, मोकळं करा."

"बाळ्या, माझा रिकामा गाळा गेला."

"कुठं गेला?"

"भाड्याने गेला. मी ॲडमिट असताना सूनबाईने शनीला तेल वाहिलं, आन् आठवड्यात पार्टी आली. ऑनलाइनवाली. ॲडव्हान्स देऊन गेली." दाजींनी गुडघ्यावर हात फिरवला. "आता तू बोलतोस मी त्यालाच उपटू?"

"पण तो मांडव हाय, दाजी!"

"देऊळ पण आधी मांडवच असतं."

यावर बाळाराम परत फिरला. कुणालकडे जाऊन उपयोग नव्हता. त्याने तिथे मंडळाचा बोर्ड आणि स्वतःचा फोटो लावला होता.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. दिवसा ऊन, पहाटे दव, आणि शनिवारी तेल. बाळाराम रोज एक फेरी मारायचा. चंदेरी रंगाचे पोपडे निघाले होते. खालचा गोळा तेलाने काळा पडला होता, ज्यामुळे तो आणखीनच शनीसारखा दिसू लागला. एका सकाळी सावळ्या आला. तीन टेकू खालच्या गोळ्याशी जिथे बांधले होते तिथे बसला, गाठीवर अंगठा दाबला, आणि अंगठा बाळारामच्या नाकाजवळ धरला.

"तेल."

"दिसतंय."

"काथ्याला पाणी चालतं, शेट. पाण्याने तो आवळतो. तेलाने सुटतो. ही गाठ आता धरत न्हाय, नुसती बसलीय."

"किती दिवस बसंल?"

"तिला धक्का लागेस्तोवर."

"नवीन गाठ मार."

"वरून मारतो. पण आतली न्हाय बदलता येणार. ती सोडली तर सगळं मेढीवर येतं, आन् मेढीला मी हात लावणार न्हाय. तुमी पण न्हाय."

सावळ्याने वरून नव्या गाठी मारल्या. पुढच्या शनिवारी त्यांनाही तेल पाजण्यात आलं.

बाळारामची झोप उडाली ती यानंतर. मांडव पडेल याची त्याला भीती नव्हती. मांडव पडतात, बांबू कुणाच्या बापाचे नसतात. पण शनिवारी संध्याकाळभर कमळ खालच्या गोळ्याला टेकून, चटईवर, बरोबर तीन गोळ्यांच्या खाली बसायची. बायकांच्या हातातली तेलाची बाटली घ्यायची, धार धरायची, रिकामी बाटली परत द्यायची. पुढ्यात पणत्या. पाठीशी तेल प्यालेलं कापड. आणि वर सगळा ब्रसेल्स.

"तू तिकडं रस्त्याच्या बाजूला बस ना," त्याने सुचवून पाहिलं.

"शनी तिकडं बसलाय का?"

"अगं, पडंल तो! गाठी सुटल्यात."

"तुमी पडलात तेव्हा गाठी सुटल्या होत्या?"

"न्हाय. माझा पाय घसरला."

"तेच तं. गाठीने काय होत न्हाय. वेळ आली की माणूस पडतो. तुमची वेळ येऊ नये म्हणून बसते मी."

"आन् तुझी आली तं?"

कमळने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं भाजीत मीठ घातलं का असं विचारणाऱ्या नवऱ्याकडे पाहतात. "मला कुठं साडेसाती हाय?"

बाळारामने मग बोलणं सोडलं आणि दर शनिवारी मैदानात उभं राहायला सुरुवात केली. हाताशी वाळूच्या दोन बादल्या, खांद्यावर दोर. सावळ्यालाही बोलावून घ्यायचा. लोकांना वाटलं, बाळारामलाही अखेर श्रद्धा आली.

होळीच्या आधीच्या शनिवारी दाजी स्वतः आले. नवा गुडघा, हातात काठी, आणि गळ्यात नवीन भाडेकरूने दिलेलं उपरणं. त्यांना खालच्या गोळ्याशेजारी, मेढीच्या अगदी जवळ, प्लॅस्टिकची खुर्ची देण्यात आली. ऊन कलत होतं. रांगेत बायका, कडेवर पोरं. कमळ चटईवर. पणत्या नेहमीपेक्षा जास्त होत्या, कारण परीक्षा सुरू झाल्या होत्या.

रस्त्यावर एक लांबलचक कंटेनर गोदामाच्या फाटकात मागे घेत होते. क्लीनर मागे उभा राहून "आने दो, आने दो" करत होता. त्याचं लक्ष फाटकाकडे होतं. कंटेनरच्या वरच्या कोपऱ्यात मांडवाच्या ताणाचा दोर अडकला ते फक्त बाळारामने पाहिलं.

"रोको! ए, रोको रे!"

"आने दो," क्लीनर म्हणाला.

दोर वीणेच्या तारेसारखा ताठ झाला. शेंड्यावरचा सूर्य रस्त्याकडे झुकला. मग दोर तुटला, सूर्य उलट्या दिशेला आला, आणि सगळा सांगाडा एकदा कण्हल्यासारखा आवाज करून स्वतःभोवती फिरला. पहिला टेकू गाठीतून निसटला. तुटला नाही, निसटला. साबणाच्या हातातून मासा जावा तसा.

रांग किंचाळत मागे पळाली. पळाली नाही ती कमळ. वरच्या तीन गोळ्यांपैकी एक तिच्या डोक्यावर हातभर उंचीवर येऊन थांबला होता, आणि ती दोन्ही हातांनी खालचा गोळा धरून बसली होती. देवाला एकटं कसं सोडायचं, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

बाळाराम आत शिरला. आधी दिवे. त्याने वाळूची बादली पणत्यांवर उलटी केली. एवढ्या गोंधळातही मागे कुणीतरी "अगं बाई, दिवा इझवला!" असं म्हणालंच.

"कमळ, ऊठ."

"पडतोय तो!"

"म्हणून तर ऊठ बोलतोय!"

"तुमच्यावर पडंल, तुमी भाईर व्हा!"

"तू उठल्याबिगर न्हाय होणार."

दुसरा टेकू निसटला. आता सगळा भार मेढीवर होता आणि मेढ खड्ड्यात डुगडुगत होती. इतक्या महिन्यांचं तेल मुळाशी मुरून तिथली माती लोण्यासारखी झालेली. त्या क्षणी खुर्चीतले दाजी उठले. पळणं त्यांच्या गुडघ्याला जमण्यासारखं नव्हतं. जवळ आधाराला एकच गोष्ट होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"बाळ्या! माझ्या हातात येतेय रे ही!"

मेढ खरोखर येत होती. सांगाडा कलताना ती खड्ड्यातून वर सरकत होती आणि दाजी भीतीने तिला मिठी मारून होते. बाळाराम कमळच्या खांद्याला धरून उभा होता. त्याने ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात इतके महिने अडकलेली गोष्ट एकदम सुटली.

"सोडू नका, दाजी! वर घ्या! उचला!"

"उचलू? मी?"

"तुमीच! दुसऱ्या कुणाचा हात चालत न्हाय. उचला!"

दाजींनी उचलली की ती आपली आपण आली, हे नंतर कुणी ठरवू शकलं नाही. पण खड्ड्यातून तेलाने माखलेलं बूड बाहेर आलं, आणि त्याला चिकटलेली काळी सुपारी टपकन खाली पडली. सावळ्या तिसऱ्या टेकूपाशी उभा होता. त्याने सुपारी पाहिली, दाजींचे हात पाहिले, आणि एवढंच म्हणाला, "मेढ निघाली."

मग त्याला काही सांगावं लागलं नाही. कोयता चालला. बाळारामने खांद्यावरचा दोर मधल्या गोळ्याखाली टाकला. कुणाल आणि चार जणांनी दुसरं टोक धरलं.

"मैदानाकडं घ्या! कुणाल, फोन ठेव खिशात! ढील दे... ढील दे रं, ओढू नको!"

ताड उतरवतात तसा तो सांगाडा आडवा होऊ लागला. एकदा दोर कुणालच्या हातातून सुटला आणि सगळं हातभर धाडकन खाली आलं. कमळच्या पदराला चंदेरी गोळा घासून गेला. बाळारामने तिला उचललं नाही, ओढलंच, चटईसकट, नव्या लग्नातसुद्धा ओढलं नसेल असं. दोघं वाळूत पडली. मागे, सावकाश, खूप सारं बांबू मोडल्याचा आवाज करत, नऊच्या नऊ ग्रह मैदानात झोपले.

दाजी मेढ गेलेल्या खड्ड्यापाशी उभे होते, हात तेलाने काळे, आणि आपण काय केलं ते त्यांना हळूहळू कळत होतं.

"मी न्हाय उपटली," ते म्हणाले.

"तुमीच उपटली, दाजी," सावळ्या म्हणाला. "सगळ्यांनी बघितलं."

"नारळ," बाळाराम वाळूत बसूनच म्हणाला. "कुणीतरी नारळ आणा."

नारळ कमळनेच फोडला. एका फटक्यात.

बाळारामने उजेड असेपर्यंत काथ्या कापला, कामट्या वेगळ्या केल्या, कापडाचे गठ्ठे बांधले. खड्डे भरले. मेढीच्या खड्ड्यात माती टाकली, वर पाणी ओतलं. तेलावर पाणी ठरेना, तरी टाचेने दाबलं. मग तो दहा पावलं मागे गेला. मैदान मोकळं होतं. ब्रसेल्सला जे जमलं नाही ते त्याने केलं होतं.

घरी कमळने त्याच्या पाठीला हळद लावली. बरगडी पुन्हा दुखत होती.

"गेली एकदाची," ती म्हणाली.

"काय गेली?"

"साडेसाती तुमची. एवढा मोठा मांडव पडला आन् अंगावर न्हाय आला. तेल लागलं सार्थकी."

बाळारामने तोंड उघडलं. तिच्या कपाळावर वाळू चिकटलेली होती. ती त्याने बोटाने पुसली, आणि समजावून सांगायचा विचार सोडून दिला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी तो सवयीने मैदानाकडे गेला. मेढीच्या जागी, जिथे तेल मुरून माती काळी राहिली होती, तिथे कुणीतरी एक दगड आणून ठेवला होता. दगडाला रुईची माळ. समोर दाजी खुर्चीवर, आणि मागे रांग.

"बघत काय उभा, बाळ्या?" दाजी म्हणाले. "हा काढशील का?"

बाळारामने दगडाभोवती एक चक्कर मारली. दगड बुटका होता. वर काही नव्हतं, बाजूला काही नव्हतं. कमळ त्याच्या शेजारी चटई टाकून बसली होती आणि तिच्या डोक्यावर फक्त आकाश होतं.

"दगडाचं काम आमच्याकडं होत न्हाय," तो म्हणाला.

ब्रसेल्सच्या लोकांना तो हल्ली नावं ठेवत नाही. पॅरिसबद्दलचं मत मात्र कायम आहे.